कोळसा आहे, गिऱ्हाईक आहे, मग अडलं कुठे?

एका देशाकडे भरपूर कोळसा आहे. दुसऱ्याला तो हवा आहे. दोघांमध्ये लष्करी करार झालेला आहे, व्यवहार ठरलेला आहे, जहाजं भरून निघालेलीसुद्धा आहेत. तरी कोळसा पोचत नाही. 1940 च्या मार्च महिन्यात नेमकं हेच झालं. जर्मन कोळसा घेऊन इटलीकडे निघालेली 13 इटालियन जहाजं ब्रिटिश आरमाराने अडवली. इटली त्या वेळी युद्धात उतरलेलीसुद्धा नव्हती. पुढच्या तीन महिन्यांत ती उतरली.

पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय तर सापडला, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?" याचं उत्तर नुसतं सूत्र सांगून देता येत नाही, उदाहरण घ्यावं लागतं. म्हणून आज हे कोळशाचं प्रकरण घेऊ. माझं काम ऊर्जा-वाहतुकीच्या मॉडेल्सवर आहे, त्यामुळे मी याच्याकडे थोडं गणिताच्या बाजूने बघणार. पण तुम्ही इतिहास, अर्थशास्त्र किंवा रसायनशास्त्रातले असलात तरी हरकत नाही. यात प्रत्येकासाठी काहीतरी आहे. रसायनशास्त्रवाल्यांसाठी तर एक जुना ओळखीचा माणूस आहे. तो पुढे भेटेल.

आधी पार्श्वभूमी

इटलीत चांगला दगडी कोळसा जवळपास नाहीच. सार्डिनिया बेटावर आणि इस्त्रिया भागात (तो भाग आज बहुतांशी क्रोएशियात आहे) खाणी होत्या, पण त्या कोळशात गंधक फार. पोलादासाठी लागणारा कोक त्यातून बनवायचा म्हटलं तर अवघडच. त्यामुळे रेल्वे, गॅस कारखाने, पोलाद, जहाजं या सगळ्यांसाठी बाहेरून कोळसा आणावा लागे. वर्षाची गरज साधारण 1 कोटी 20 लाख टनांच्या घरात.

फार वर्षं हा कोळसा मुख्यतः ब्रिटनमधून यायचा. मग 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला आणि राष्ट्रसंघाने निर्बंध लावले. आता इथे एक गंमत बघा. त्या निर्बंधांत इटलीला कोळसा विकायला बंदी नव्हती. बंदी होती ती इटलीचा माल विकत घ्यायला. पण इटलीची फळं, रेशीम, कापड कोणी घेणारच नसेल तर तिच्याकडे पौंड येणार कुठून? आणि पौंड नसतील तर वेल्सचा कोळसा घेणार कशाने? कोळशाला हातही न लावता कोळशाचा व्यापार मोडला. ती जागा जर्मनीने घेतली, कारण जर्मनी राष्ट्रसंघातून आधीच बाहेर पडलेली होती आणि तिला रोख पौंड नको होते.

हे उदाहरण डोक्यात ठेवा. "बंदी कशावर आहे" आणि "बंद काय पडतं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

चार फाटकं

युद्धकाळात एक टन कोळसा एका देशातून दुसऱ्या देशात जायचा असेल, तर त्याला चार फाटकं ओलांडावी लागतात.

पहिलं फाटक खाणीचं. कोळसा निघतोय का, आणि घरची गरज भागवून तो उरतोय का? युद्ध सुरू झालं की पुरवठादार देशाची स्वतःचीच गरज वाढते.

दुसरं फाटक कागदाचं. निर्यात परवाना, मालाच्या उगमाचा दाखला, समुद्रावरचा परवाना.

तिसरं फाटक वाटेचं. जहाजं, बंदरं, रूळ, इंजिनं, वाघिणी, बोगदे.

चौथं फाटक पैशाचं. बदल्यात काय द्यायचं आणि कुठल्या चलनात?

मुद्दा असा की ही चार फाटकं एकामागे एक आहेत. बेरीज नाही होत त्यांची. खाणीतून महिन्याला 20 लाख टन निघू दे, पण वाट 6 लाखांची असेल तर पोचणार 6 लाखच. सगळ्यांत अरुंद फाटक जेवढं, तेवढाच कोळसा. त्यामुळे संशोधनाचा पहिला नेमका प्रश्न असा तयार होतो: त्या वेळी सगळ्यांत अरुंद फाटक कुठलं होतं, आणि ते कोणाच्या हातात होतं?

"युद्धकाळातील कोळसा व्यापार" हा विषय झाला. वर ठळक केलेलं वाक्य हा प्रश्न झाला. फरक लक्षात घ्या.

कागदाचं फाटक

3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच वेळी लंडनमध्ये आर्थिक युद्धासाठी वेगळं मंत्रालय उभं राहिलं. तटस्थ देशांची जहाजं तपासण्यासाठी किर्कवॉल, वेमथ, रॅम्सगेटजवळचा डाउन्स हा नांगरवाडा, जिब्राल्टर, हैफा अशी तपासणी ठाणी सुरू झाली.

तपासणी म्हणजे जहाज थांबवायचं, कागद बघायचे, शंका आली तर माल उतरवून बघायचा. यात दिवसच्या दिवस जायचे, आणि थांबलेल्या जहाजाचा खर्च चालूच असतो. म्हणून पहिल्या महायुद्धात 1916 मध्ये काढलेली एक युक्ती 1 डिसेंबर 1939 पासून पुन्हा सुरू केली: नॅव्हिसर्ट. माल निघायच्या आधीच, ज्या देशातून तो निघणार तिथल्या ब्रिटिश वकिलातीकडे अर्ज करायचा. माल कोणता, किती, घेणारा कोण, हे सगळं लंडनमध्ये तपासलं जायचं. मंजुरी मिळाली की समुद्रावर अडवणूक जवळपास नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर टोलनाक्यावर रांगेत उभं राहण्यापेक्षा घरूनच पास काढून निघणं. सुरुवातीला हा पास ऐच्छिक होता. 1940 च्या जुलैअखेर तो सक्तीचा झाला. म्हणजे पास नसलेला माल आधीच संशयित धरला जाऊ लागला. सिद्ध करण्याची जबाबदारी तपासणाऱ्याकडून व्यापाऱ्याकडे गेली.

पण नॅव्हिसर्ट युरोपकडे जाणाऱ्या मालासाठी. आपला कोळसा तर जर्मनीतून बाहेर पडणारा. शत्रूकडे जाणारा माल अडवण्याचा हक्क युद्धाच्या जुन्या कायद्यात होता. शत्रूकडून तटस्थ देशाने घेतलेला, तटस्थ जहाजावरचा माल अडवणं मात्र वादाचं होतं. 1939 मध्ये जर्मनीने समुद्रात चुंबकीय सुरुंग पेरायला सुरुवात केल्यावर, त्याला प्रत्युत्तर म्हणून ब्रिटनने 27 नोव्हेंबरला हुकूम काढला की जर्मन उगमाचा मालही अडवला जाईल. तेव्हापासून निर्यातदाराला "हा माल जर्मन नाही" असा उगमाचा दाखला लागू लागला.

कोळशाला असा दाखला मिळणार कसा? रुहरचा कोळसा ऱ्हाइन नदीतून बार्जने तटस्थ हॉलंडमधल्या रॉटरडॅमला यायचा आणि तिथे इटालियन जहाजात चढायचा. बंदर तटस्थ, जहाज तटस्थ, गिऱ्हाईक तटस्थ. कोळसा मात्र जर्मन. ब्रिटनने इटलीला काही महिने सवलत दिली. ती संपायची तारीख होती 1 मार्च 1940.

पैशाचं फाटक

ही सवलत फुकट नव्हती. त्या काळात रोममध्ये वाटाघाटी चालू होत्या. ब्रिटनची सूचना सरळ होती: जर्मन कोळसा सोडा, आमचा घ्या. बदल्यात आम्हाला शस्त्रास्त्रं, विमानं, शेतमाल विका.

इटलीच्या व्यापाऱ्यांच्या नजरेने बघितलं तर सौदा वाईट नव्हता. जर्मनीशी व्यवहार 1930 च्या दशकापासून क्लिअरिंगने चालायचा. क्लिअरिंग म्हणजे काय? दोन देशांमध्ये एक वही. इटलीने भाजी, फळं पाठवली की तिच्या नावे जमा. जर्मनीने कोळसा पाठवला की इटलीच्या नावे खर्च. प्रत्यक्ष परकीय चलन सरहद्द ओलांडतच नाही. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखंच, फक्त दोन्ही बाजूंनी माल. सोय अशी की पौंड-डॉलर लागत नाहीत. अडचण अशी की त्या वहीतली शिल्लक दुसऱ्या कुठल्या दुकानात चालत नाही. जर्मनीच्या वहीत जमा असलेल्या रकमेतून वेल्सचा कोळसा मिळत नाही.

म्हणून ब्रिटिश कोळसा घ्यायचा तर ब्रिटनला हवी असलेली वस्तूच द्यायला हवी होती, आणि ब्रिटनला हवी होती शस्त्रं. ज्या जर्मनीशी 22 मे 1939 ला पोलादी करार केला, तिच्याच शत्रूला शस्त्रं विकायची? 1940 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुसोलिनीने नकार दिला. इथे पैशाचं फाटक आणि राजकारणाचं फाटक एकच झालं. तुमच्या मॉडेलमध्ये ही दोन वेगळ्या रकान्यांत असतील, तर तिथे थोडं थांबून विचार करा.

13 जहाजं

1 मार्च उलटला. 5 मार्चपासून रॉटरडॅमहून निघालेली कोळशाची इटालियन जहाजं अडवून डाउन्सकडे नेली गेली. 9 मार्चला तोडगा निघाला: ही 13 जहाजं सोडायची, पण इटलीने यापुढे समुद्रमार्गे जर्मन कोळसा न्यायचा नाही.

लगेच दुसऱ्या दिवशी, 10 मार्चला, जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप रोममध्ये पोचला. जर्मनीने वचन दिलं: महिन्याला 10 लाख टन, सगळा जमिनीवरून, रेल्वेने. 18 मार्चला हिटलर आणि मुसोलिनी ब्रेनर खिंडीत भेटले. ज्या खिंडीतून हा कोळसा यायचा होता, तीच ही खिंड.

आता आपला प्रश्न पुन्हा विचारा. समुद्राचं फाटक बंद झालं. मग सगळ्यांत अरुंद फाटक कुठलं?

कागद-पेन्सिल घ्या

महिन्याला 10 लाख टन म्हणजे दिवसाला साधारण 33,000 टन. इथून पुढचे आकडे मी ढोबळ धरतो आहे, नमुन्यादाखल. एका मालगाडीत निव्वळ 800 टन कोळसा धरा. म्हणजे रोज सुमारे 41 गाड्या भरून दक्षिणेकडे. आणि तितक्याच रिकाम्या परत. म्हणजे आल्प्स ओलांडणाऱ्या मार्गांवर रोज 82 फेऱ्या, फक्त कोळशाच्या.

मार्ग किती? ब्रेनर, पूर्वेला तार्व्हिसिओ, आणि स्वित्झर्लंडमधून गोथार्ड व सिम्प्लॉन. ब्रेनर खिंड सुमारे 1,370 मीटर उंचीवर. कसारा किंवा बोर घाटात गाडीला मागून जादा इंजिनं लावताना तुम्ही पाहिलं असेल. चढ आला की गाडीचं वजन कमी करावं लागतं किंवा इंजिनं वाढवावी लागतात. सपाटीवरची 800 टनांची गाडी घाटात तशीच जाईल असं धरून चालत नाही.

आता वाघिणी. एका वाघिणीत 20 टन धरा. रोज 33,000 टन म्हणजे रोज 1,650 वाघिणी भरायच्या. भरणं, जाणं, रिकामं होणं, परत येणं याला एकूण 10 दिवस लागत असतील, तर या एकाच कामात 16,500 वाघिणी कायम अडकलेल्या. हे साधं गुणाकाराचं नातं आहे: प्रणालीत अडकलेली संख्या म्हणजे रोजचा ओघ गुणिले फेरीचा काळ. रांगांच्या सिद्धांतात याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटलने 1961 मध्ये त्याची सिद्धता दिली.

आता फेरीचा काळ 10 वरून 14 दिवस झाला तर? बर्फ पडला, सरहद्दीवर गाड्या तुंबल्या, इटलीत उतरवायला माणसं कमी पडली, कारण काहीही असो. तेवढाच कोळसा पोचवायला लागतील 23,100 वाघिणी. म्हणजे 6,600 जास्त. खाण तीच, रूळ तेच, करारही तोच. फक्त चार दिवसांची दिरंगाई.

आणि 1939-40 चा हिवाळा कडाक्याचा होता. जर्मनीतले कालवे गोठले होते, तिथली रेल्वे स्वतःच्या शहरांना कोळसा पोचवतानाही मेटाकुटीला आली होती. म्हणजे ब्रिटिशांनी समुद्र बंद केला त्याचा अर्थ इटलीचा कोळसा तोडला एवढाच नाही. जो भार आधी इटालियन जहाजांवर होता तो जर्मन वाघिणींवर टाकला. नाकेबंदीचं यश मोजताना "किती टन अडवले" हा आकडा बघितला तर उत्तर 13 जहाजं एवढंच येतं, आणि तीही सोडून दिलेली. "पर्यायी वाटेची किंमत कोणावर पडली" असं विचारलं तर उत्तर पूर्ण वेगळं येतं. मोजमाप काय निवडायचं हा संशोधनातला निर्णय असतो, तो आपोआप होत नाही.

ओळखीचा माणूस

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नेट-सेटच्या तयारीत कूपमन्सचं प्रमेय वाचलेलं असतं: रेणूची आयनीकरण ऊर्जा आणि सर्वांत वरच्या भरलेल्या ऑर्बिटलची ऊर्जा यांचं नातं. 1934 मधलं. ते मांडणारा डच संशोधक त्यालिंग कूपमन्स पुढे अर्थशास्त्राकडे वळला आणि दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजवाहतुकीच्या कचेरीत काम करत होता. तिथला प्रश्न काय? माल उतरवून रिकामी झालेली जहाजं कुठल्या बंदराकडे पाठवली तर एकूण फेऱ्या कमीत कमी होतील? रिकाम्या वाघिणींचा आपला वरचा प्रश्न, फक्त समुद्रावर.

यातून वाहतुकीच्या प्रश्नाचं त्याचं गणित उभं राहिलं. सोव्हिएत संघात लिओनिद कान्तोरोविचने 1939 मध्येच रेषीय नियोजनावर काम केलं होतं. 1975 मध्ये दोघांना मिळून अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणखी एक धागा. "जाळ्यातून जास्तीत जास्त किती ओघ जाऊ शकतो" हा प्रश्न 1955 मध्ये हॅरिस आणि रॉस या दोघांनी अमेरिकी हवाई दलासाठीच्या एका गुप्त अहवालात मांडला. उदाहरण होतं सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातल्या रेल्वेचं. फोर्ड आणि फुल्करसन यांनी दाखवलं की जाळ्यातून जाणारा जास्तीत जास्त ओघ हा त्या जाळ्याच्या सर्वांत स्वस्त छेदाइतकाच असतो. छेद म्हणजे ज्या मार्गांना तोडलं तर सुरुवात आणि शेवट वेगळे पडतात तो संच. तो अहवाल 1999 मध्ये खुला झाला.

आपली "सगळ्यांत अरुंद फाटक" ही कल्पना म्हणजे याचंच घरगुती रूप. एकच वाट असेल तर एक फाटक पुरतं. वाटा चार असतील तर ब्रेनर, तार्व्हिसिओ, गोथार्ड, सिम्प्लॉन या सगळ्यांची मिळून क्षमता बघावी लागते. त्यातला गोथार्ड आणि सिम्प्लॉन स्वित्झर्लंडच्या हातात. म्हणजे छेदाचा एक भाग तटस्थ देशाच्या ताब्यात.

चौकट दुसऱ्या देशावर तपासा

एका उदाहरणावर बसलेली चौकट दुसऱ्यावर तपासल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नका. स्वित्झर्लंड घ्या. समुद्र नाही, कोळसा नाही. 1940 च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्यावर तो देश जवळपास चारही बाजूंनी जर्मनी-इटलीच्या वेढ्यात आला. 9 ऑगस्ट 1940 ला जर्मनीशी व्यापारी करार झाला. जर्मनीने कोळसा द्यायचा, आणि स्वित्झर्लंडने क्लिअरिंगच्या वहीत जर्मनीला उधारी द्यायची: आधी 15 कोटी फ्रँकपर्यंत, 1941 च्या जुलैमध्ये वाढवून 85 कोटींपर्यंत. म्हणजे स्विस सरकार आपल्याच निर्यातदारांना पैसे देत होतं, जर्मनी माल नेत होती. गोथार्डमधून जर्मन कोळसा इटलीकडे जातच राहिला.

कागदाचं फाटकही दुहेरी झालं. समुद्राकडून येणाऱ्या मालाला ब्रिटिश नॅव्हिसर्ट, आणि देशाबाहेर जाणाऱ्या मालाला जर्मन परवाने. एकाच कारखानदाराला दोन शत्रूंकडून दोन पास.

इटलीच्या बाबतीत अरुंद फाटक वाटेचं होतं. स्वित्झर्लंडच्या बाबतीत वाट स्वतःच्या अंगणातून जात होती. अरुंद होती ती खाण, आणि तिची किंमत पैशाच्या फाटकावर चुकवली गेली. चौकट तीच, उत्तर वेगळं. चौकटीकडून हेच अपेक्षित आहे. प्रत्येक वेळी तेच उत्तर देणारी चौकट संशयास्पद समजा. या उधारीचा आणि व्यवहारांचा हिशोब स्वित्झर्लंडने 1996 मध्ये नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाकडून पुन्हा तपासून घेतला. अर्ध्या शतकानंतर. जुन्या वह्या शिळ्या होत नाहीत.

कोळशामुळे इटली युद्धात गेली का?

10 जून 1940 ला इटलीने युद्ध पुकारलं. मार्चमध्ये जहाजं अडवली, जूनमध्ये युद्ध. मोह होतो म्हणायचा की "ब्रिटनने कोळसा अडवला म्हणून इटली जर्मनीच्या कुशीत गेली." इथे सावध व्हा. आधी झालं म्हणून कारण झालं, असं नसतं.

तारखा क्रमाने लावा. पोलादी करार 1939 च्या मेमध्ये. ब्रिटिश सौद्याला नकार 1940 च्या फेब्रुवारीत, म्हणजे जहाजं अडवण्याच्या आधी. फ्रान्सचा पाडाव मे-जूनमध्ये. कल कुठे आहे हे मार्चच्या आधीच दिसत होतं, आणि वेळ कोणती हे फ्रान्सने ठरवलं. मग कोळशाचं काम काय? माझ्या मते कोळशाने निर्णय घडवला नाही, पर्याय कमी केले. 13 मार्चनंतर इटलीला तटस्थ राहायचं असतं तरी तिचा प्रत्येक महिन्याचा कोळसा जर्मनीच्या वाघिणींवर अवलंबून होता. "कारण" आणि "मर्यादा" यातला हा फरक प्रबंधात नीट मांडता आला, तर व्हायव्हात अर्धी लढाई जिंकली.

माझं मत खोडायचं असेल तर काय दाखवावं लागेल हेही सांगतो. फेब्रुवारीच्या नकारानंतरही मुसोलिनी ब्रिटिश सौद्याकडे गांभीर्याने परत वळत होता आणि जहाजं अडवल्यामुळेच तो थांबला, असे कागद सापडले तर माझी मांडणी ढासळेल. आपलं विधान कशाने खोटं ठरेल हे स्वतःच लिहून ठेवायची सवय लावा.

टनांच्या रकान्यात न दिसणारं

28 फेब्रुवारी 1940. ब्रिटिश सवलत संपायला दोन दिवस. इस्त्रियातल्या आर्सिया इथल्या खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला. 185 खाणकामगार मेले.

या स्फोटाचा संबंध मी नाकेबंदीशी जोडत नाही, तसा पुरावा माझ्यासमोर नाही. पण ही खाण कशासाठी चालवली जात होती ते आपल्याला माहीत आहे: परदेशी कोळशावरचं अवलंबन कमी करायला, देश स्वावलंबी करायला. आर्सिया हे गाव 1930 च्या दशकात त्यासाठीच वसवलं. आपण वर जे "पहिलं फाटक" म्हणून एका ओळीत उरकलं, त्याच्या आत माणसं होती. मॉडेलमध्ये "देशांतर्गत उत्पादन वाढवणे" हा पर्याय लिहिताना त्याची किंमत शून्य धरू नका.

आकड्यांबद्दल तीन सूचना

एक. एकक तपासा. ब्रिटिश कागदांतला टन 1,016 किलोचा, युरोपातला 1,000 किलोचा. 1 कोटी 20 लाख टनांवर हा फरक जवळपास 1 लाख 92 हजार टनांचा होतो. दोन स्रोतांत "विसंगती" दिसली की आधी हे बघा.

दोन. वचन आणि पोच वेगळी. करारात लिहिलेले टन, परवाना मिळालेले टन, लादलेले टन आणि उतरलेले टन, हे चार वेगळे रकाने करा. युद्धकाळात त्यांच्यातलं अंतर हाच बहुतेक वेळा खरा निष्कर्ष असतो.

तीन. टन म्हणजे ऊर्जा नाही. गंधकाचा इस्त्रियाचा कोळसा आणि रुहरचा कोकिंग कोळसा वजनाने सारखे, कामाने नाहीत. एकाच्या जागी दुसरा घातला तर भट्टी कदाचित पेटेल, पोलाद मात्र होईलच असं नाही.

आता तुमची पाळी

सरावासाठी घरचंच उदाहरण देतो. राणीगंज-झरियाचा कोळसा एके काळी कलकत्त्याहून जहाजाने वळसा घालून मुंबईला यायचा. पहिल्या महायुद्धात जहाजं लष्करी कामाला गेली आणि हा भार रेल्वेवर आला. सुमारे दोन हजार किलोमीटरची वाट. समुद्र बंद, रूळांवर ताण. आल्प्सच्या जागी सह्याद्री. गोष्ट ओळखीची वाटते ना?

यावर अर्ध्या पानाचा मसुदा करा. चार फाटकं लिहा. प्रत्येकाच्या पुढे लिहा: क्षमता किती असावी, ती कोणाच्या हातात होती, आणि हे सिद्ध करणारा कागद कुठे सापडेल. रेल्वेचे वार्षिक अहवाल, बंदराची आकडेवारी, गिरणीमालकांच्या संघटनेचे अहवाल, मुंबईतल्या पुराभिलेखागारातले सरकारी पत्रव्यवहार. मग खाली एकच वाक्य लिहा: "माझ्या अंदाजाने अरुंद फाटक अमुक होतं, आणि अमुक पुरावा सापडला तर मी चुकीचा किंवा चुकीची ठरेन."

ते वाक्य लिहिता आलं की विषय संपला आणि संशोधन सुरू झालं.